पाण्याआधीचे दिवस : प्रस्तावना

पंचगंगेचा पूर सांगून येतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पुण्याला तशी सवड मिळाली नव्हती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा मुंबईलाही मिळाली नव्हती. कोल्हापुरात मात्र आधी गगनबावडा-राधानगरीकडे पाऊस लागून राहतो. मग एकेक बंधारा पाण्याखाली गेल्याच्या बातम्या येऊ लागतात. नदी पात्राबाहेर पडते, घाटावरची देवळं बुडतात, पाणी गायकवाड वाड्याकडे सरकतं, आणि लोक छत्र्या घेऊन पाणी बघायला जातात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा पातळी, ४३ झाले की धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. एवढं सगळं होईपर्यंत बहुतेक वेळा काही दिवस गेलेले असतात.

तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतल्या माणसांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं तुटली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसं वाचवायला निघालेली बोटच उलटली आणि जीव गेले. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६ फुटांचीही रेषा ओलांडली. हाताशी वेळ असतानाही एवढं नुकसान का होतं, या एका प्रश्नातून हे पुस्तक उभं राहिलं आहे. पाणी येण्याआधीचे दिवस नेमके कुणाच्या हाती असतात, त्या दिवसांत कोण काय ठरवतं आणि कुणाला काहीच ठरवता येत नाही, हा या पुस्तकाचा खरा विषय.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने आधी भूगोल समजून घ्यावा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते, आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो पाऊस, पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे त्याचा लहानसा हिस्सा. शिरोळात स्वच्छ ऊन पडलेलं असताना अंगणात पाणी येतं ते यामुळे. डोंगरातून वेगाने आलेली नदी सपाटीला लागली की तिचा उतार जवळपास संपतो. त्यात कृष्णा आधीच भरलेली असली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही आणि पाणी मागे फुगतं. नदीकाठचे लोक या फुगीचं पाणी वेगळं ओळखतात. ते आवाज करत नाही, ओढही फारशी नसते, पण उतरायचं नाव घेत नाही. त्यात राष्ट्रीय महामार्गाचा भराव, पुलांना जोडणारे उंच रस्ते आणि पूररेषेत उभ्या राहिलेल्या इमारती यांनी पसरायची जागाही अडवली. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बुडाला तेव्हा पुणे-बंगळूर वाहतूक दिवसेंदिवस थांबली.

धरणांविषयी इथे दोन शब्द स्वतंत्रपणे लिहायला हवेत, कारण पुराच्या दिवसांत शहरातलं बोलणं तिथेच अडतं. राधानगरी हे राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभं राहिलेलं धरण. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात, त्याला ना वीज लागते ना माणूस. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. ‘पाच दरवाजे उघडले’ अशी बातमी आली की गंगावेशीत धडकी भरते. पण महापुराच्या दिवशी नदीत वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडला तर त्यातला फार मोठा वाटा धरणांच्या खाली, मोकळ्या पाणलोटात पडलेल्या पावसाचा असतो. तो कुठल्याही दरवाजाने अडत नाही. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचंही असंच. २०१९ नंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला आणि त्याने पुराचा मुख्य दोष अलमट्टीवर ठेवला नाही. तो निष्कर्ष अनेकांना पटलेला नाही. या धरणाची पूर्ण साठवण पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला महाराष्ट्राचा विरोध आहे आणि तो वाद गंभीर आहे. या पुस्तकात दोन्ही बाजूंचं म्हणणं सापडेल. माझी तक्रार वेगळी आहे. या एका वादाने सगळी हवा खाऊन टाकली. अलमट्टी उद्या रिकामी ठेवली तरी कोल्हापूरच्या सुतारवाड्यातल्या भाडेकरूने कुठे जायचं, हा प्रश्न शिल्लकच राहतो, आणि त्यावर बोलायला व्यासपीठ मिळत नाही.

पुराकडे बघण्याच्या ज्या निरनिराळ्या दृष्टी जगात तयार झाल्या, त्यांची ओळख वाचकाला असली तर पुढचे लेख जास्त उलगडतील.

सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत ताकदवान दृष्टी अभियंत्यांची. पाणी अडवा, वळवा, भिंत घाला. १९०८ साली मुसी नदीने हैदराबाद उद्ध्वस्त केल्यावर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं ते याच विश्वासाने, आणि त्यांनी सुचवलेल्या जलाशयांनी त्या शहराला मोठं संरक्षण दिलं हे खरंच आहे. पण दुसरं टोक बिहारमध्ये दिसतं. १९५०च्या दशकात कोसीला तटबंध घातले. दिनेश कुमार मिश्र यांनी आयुष्यभर त्या तटबंधांचा पाठपुरावा केला आणि दाखवून दिलं की बांधाच्या आत अडकलेली शेकडो गावं कायमची पुरात ढकलली गेली. २००८ साली कुसहाला तटबंध फुटला तेव्हा जिथे पूर विसरला गेला होता अशा मुलुखात नदी शिरली. आज आपल्याकडे गावोगावी पूरसंरक्षक भिंतीची मागणी होते. ती करणाऱ्यांची कळकळ मी समजू शकतो. पण एका काठाला भिंत घातली की ते पाणी समोरच्या काठावर जातं, आणि समोरच्या काठावरही आपलीच माणसं राहतात.

दुसरी दृष्टी भूगोलाच्या अभ्यासकांकडून आली. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात दाखवलं की बांध-धरणांवर पैसा ओतूनही नुकसान वाढतच राहतं, कारण संरक्षण मिळालं असं वाटून लोक पूरमैदानात आणखी बांधकाम करतात. आपल्याकडच्या निळ्या आणि लाल पूररेषांमागे हाच विचार आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नकाशावर त्या नीटनेटक्या आहेत. जमिनीवर त्यांच्यावरून किती भांडणं, किती ‘ना हरकत’ दाखले आणि किती गुंठ्यांचे व्यवहार झाले, ते कोल्हापूरकरांना मी सांगायला नको.

१९८३ साली केनेथ हेविट यांनी संपादित केलेल्या एका ग्रंथाने तिसरा प्रश्न पुढे आणला: पाणी सगळ्यांकडे सारखंच येतं, मग उद्ध्वस्त ठरावीक घरंच का होतात? उत्तर नदीत शोधू नका, जमिनीच्या मालकीत, मजुरीत, जातीत, बाईच्या नावावर काय आहे यात शोधा, असं ही विचारधारा सांगते. मला स्वतःला ही दृष्टी सर्वांत जवळची वाटते. पंचनामा घराचा होतो आणि मदत मालकाच्या नावावर निघते. त्या घरात भाड्याने राहणाऱ्याची शिलाई मशीन गेली तर ती कुणाच्या कागदावर लिहायची, यावर तलाठीही निरुत्तर होतो.

चौथी दृष्टी परिसरशास्त्रातून आली. सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ साली असा विचार मांडला की धक्का बसूनही आपलं मूळ काम चालू ठेवण्याची क्षमता ही एखाद्या व्यवस्थेची खरी ताकद. हाच विचार पुढे शहरांना, गावांना, वस्त्यांना लावला गेला. नेदरलँड्समध्ये १९९५ साली सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली, त्यानंतर त्या देशाने बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला पसरायला जागा परत देण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बांगलादेशाने १९७०च्या चक्रीवादळात लाखो माणसं गमावल्यावर गावपातळीवर स्वयंसेवकांची फळी उभारली. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार बळी गेले होते. २०१३च्या फायलिन वादळात ती संख्या काही डझनांवर आली. मधल्या चौदा वर्षांत समुद्र शांत झाला नव्हता. निवारे बांधले गेले होते, आणि कुठल्या घरातल्या म्हाताऱ्या आजीला कुणी उचलून न्यायचं हे आधी ठरलेलं होतं.

महाराष्ट्रात आपत्ती व्यवस्थापनाची सरकारी घडी बसली ती ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर. जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष आले, आराखडे आले. २००५ साली देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. ही चौकट मोलाची आहे, पण ती वरून खाली उतरते आणि तालुक्याला पोहोचेपर्यंत थकते. खालून वर येणारी व्यवस्था आपल्याकडे होतीच, तिला कुणी व्यवस्था म्हटलं नाही इतकंच.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा घ्या. नदीत ओळीने दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालायचे, मधल्या फटीत माती भरायची आणि उन्हाळ्यासाठी पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे बरगे काढून नदीला मोकळी वाट द्यायची. राज्यभर हा बंधारा गेला तो सिंचनाची सोय म्हणून, पण त्यात पुराविषयीची एक पक्की समज आहे: नदीचा एक काळ आपला, एक तिचा. बरगे काढायला उशीर झाला, त्यात ओंडके-झाडोरा अडकला की काय होतं, ते नदीकाठच्या कुठल्याही गावात विचारा. नृसिंहवाडीचं दत्तमंदिरही असंच. दर पावसाळ्यात पाणी गाभाऱ्यात शिरतं आणि दक्षिण दाराने बाहेर पडतं, भाविक त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला गर्दी करतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती उंचावर हलवतात. कधी हलवायची, कुणी उचलायची, पूजा कुठे चालू ठेवायची, हे सारं ठरलेलं असतं. गुऱ्हाळावर गूळ शिजवायची काहील पुरात होडी होते, हेही त्याच शहाणपणातलं. काहिलीतून माणसं काढणं सुरक्षित नाही, आणि कुणी त्यावर विसंबू नये असं मला तळमळीने सांगायचं आहे; पण बोट येईपर्यंत माणूस हाताशी असलेल्या वस्तूकडेच वळतो, ही वस्तुस्थिती नियोजनात धरलीच पाहिजे.

शहरात हे काम पेठांतल्या तालमी आणि तरुण मंडळं करतात. व्हाइट आर्मीसारखी इथली स्वयंसेवी संघटना बचावकार्यात वर्षानुवर्षं उतरते आहे. २०१९ मध्ये जेवणाची पाकिटं, चादरी, जनावरांची वैरण यांचा जो ओघ आला, तो बघून सगळ्या महाराष्ट्राचं मन भरून आलं. त्या मदतीचं ऋण मोठं आहे. मात्र पाणी उतरल्यावर महिनाभराने, भिंती ओल्या असताना, उधारी डोक्यावर असताना, विहिरीत गाळ असताना कोण येतं? ‘कोल्हापूरकर पुन्हा उभे राहिले’ असे मथळे छापताना, उभं राहायला कुणी किती व्याजाने पैसे काढले हे कुणी विचारत नाही. चिवटपणाचं कौतुक पुष्कळ झालं, त्याची किंमत मोजायची राहिली.

आठवण हीसुद्धा साधन असते, पण ती घातही करते. २०१९ मध्ये अनेक कुटुंबं घराबाहेर पडली नाहीत, कारण २००५ चं पाणी त्यांच्या उंबऱ्याच्या खाली थांबलं होतं. भिंतीवरची ती खूण त्यांना सरकारी इशाऱ्यापेक्षा भरवशाची वाटली. १९८९, २००५, २०१९, २०२१: प्रत्येक पुराने आधीच्या पुराचा आकडा खोटा पाडला असं नाही, पण शेवटच्या दोघांनी ‘यापेक्षा वर येत नाही’ हे वाक्य कायमचं निकालात काढलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. २०२१ मध्ये पाणी ज्या झपाट्याने चढलं, त्याने आणखी एक गोष्ट शिकवली. पाण्याआधीचे आपले दिवसही आता कमी होत चालले आहेत. हे पुस्तक आत्ता निघण्याचं कारण तेच.

प्रयाग चिखली-आंबेवाडीची गोष्ट या पुस्तकात पुन्हा पुन्हा येते, आणि ती यावीच. १९८९च्या पुरानंतर या गावांना सोनतळीला जागा मिळाली. काहींनी तिथे घरं बांधली. तरी जुनी गावं ओस पडली नाहीत. बाहेरून बघणारा म्हणतो, सरकारने जागा दिली तरी लोक हटत नाहीत. जवळ जाऊन बघावं. मळीची जमीन नदीकाठी, ऊस तिथे, म्हशी तिथे, डेअरीची सकाळची वेळ ठरलेली. मिळालेल्या भूखंडावर माणसांचं घर बसतं, गोठा आणि वैरणीची गंज बसत नाही. तेव्हा एका बापाच्या नावावर मिळालेल्या जागेला तीस वर्षांनंतर तीन वाटे पडतात. पुनर्वसन म्हणजे घर हलवणं असं आपण समजलो, तिथे चूक झाली. हलवायचं होतं ते दिवसभराचं जगणं.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. पुराचे दिवस आणि गणपतीच्या आधीचे आठवडे एकच. वर्षाचं सगळं भांडवल मूर्तींच्या रूपाने घरात, मांडवात, माळ्यावर उभं असतं. काही ओल्या, काही अर्धवट वाळलेल्या, काही रंगाच्या हातात. अर्धी ओली मूर्ती घाईने उचलता येत नाही, हात लावाल तर कान तुटतो, सोंड निखळते. त्या कारागिराला ३९ फुटांचा इशारा मिळाला तर तो उशिराच मिळाला. त्याला टेम्पो, कोरडी जागा आणि माणसं जमवायला त्याच्या कितीतरी आधी कळायला हवं. म्हशी असलेल्याला उजेड हवा, कारण अंधारात जनावर पाण्यात पाऊल टाकत नाही. बाळंतीण असलेल्या घराला रस्ता बंद होण्याची वेळ हवी, पाण्याची पातळी नको. ऊस उत्पादकाला तर पाणी किती फूट याहून ते पोंग्यावरून, म्हणजे उसाच्या वाढत्या शेंड्यावरून, किती दिवस राहणार याची चिंता. पोंग्यात गाळ बसला की ऊस आतून कुजतो, वरून हिरवा दिसला तरी.

या संग्रहाचं सांगणं इथे आहे. इशारा पातळी शहराला एक आणि माणसांना अनेक. ‘आपत्तीला तोंड देण्याची समाजाची क्षमता’ हा सरकारी कागदांतला जड शब्दप्रयोग खाली उतरवायचा तर प्रत्येक गल्लीने, प्रत्येक धंद्याने, प्रत्येक घराने स्वतःचा फूट ठरवायचा आणि त्या फुटाला कोण काय करणार हे लिहून ठेवायचं. महापालिकेने स्वतःचा ठरवायचा, कारण २०१९ आणि २०२१ मध्ये उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि चोहीकडे पाणी असलेल्या शहरात नळ कोरडे पडले. वीज कंपनीने, दवाखान्यांनी, शाळांनी ठरवायचा. हे काम धरणांपेक्षा स्वस्त आहे. ते सोपं मात्र नाही, कारण त्यासाठी एकमेकांच्या घरातली अडचण माहीत असावी लागते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने सांगली-कोल्हापूरच्या पूरनियंत्रणाचा मोठा कार्यक्रम आता आखला गेला आहे आणि पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याचा विचारही त्यात आहे. एवढा पैसा जिल्ह्यात येत असताना गावांनी आपली मागणी नेमक्या शब्दांत मांडली नाही, तर तो पुन्हा काँक्रीटमध्येच मुरेल अशी मला भीती वाटते. म्हणून या पुस्तकात अभियंते आहेत, तसे पाणीपातळी नोंदवणारे कर्मचारी, ग्रामसेवक, बचतगटाच्या बायका, बोट चालवणारे आणि पूर सोसलेले भाडेकरूही बोलले आहेत. त्यांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत. भिंत हवी म्हणणारा आणि भिंतीने आमचं गाव बुडेल म्हणणारा शेजारी-शेजारी छापले आहेत. मी मध्ये पडलो नाही. फक्त जिथे पातळी, तारीख किंवा धरणातला विसर्ग यांचा आकडा आला, तिथे तो तपासून घेतला, कारण अफवेने पुरात पाण्याइतकंच नुकसान केलेलं आहे.

जे राहिलं तेही सांगतो. पश्चिमेच्या डोंगरवस्त्यांवरचा दरडींचा धोका इथे अपुराच आला आहे. २०१४चं माळीण आणि २०२१चं तळीये यांच्यानंतर भुदरगड, राधानगरी, शाहूवाडीच्या वाड्यांकडे वेगळ्या अभ्यासाची गरज आहे. तिथे पाण्यासारखी फुटांची पट्टी लावता येत नाही आणि रात्रीत सगळं होतं. सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडी भागातल्या मराठी गावांचा पूर आमच्या नकाशात बसला नाही. सीमा कागदावर आहे, दूधगंगा आणि वेदगंगा तिला जुमानत नाहीत. पुरानंतरच्या आजारांवर, विशेषतः मनाच्या आजारांवर, एकच लेख आहे आणि तो पुरेसा नाही.

पुस्तकाच्या शेवटी जी कोरी कोष्टकं जोडली आहेत, ती ग्रामसभेत भरण्यासाठी आहेत. त्यांत चार रकाने आहेत: पाणी किती फुटांवर गेल्यावर तुमचा रस्ता बंद होतो, त्याआधी कोणाला हलवायचं, कुठे हलवायचं आणि जनावरं कुणाच्या रानात बांधायची. ती मे महिन्यात भरावीत, कारण जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत कुणाला बसायला वेळ नसतो. भरताना गावातल्या भाड्याने राहणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसांना आधी बोलवावं, त्यांची नावं आधी लिहावीत.